ऐकू येण्यासाठी एक जादा जॅक

मिक्सर म्हटले की आपल्याकडे आधी चटणी आठवते. आज ज्या मिक्सरबद्दल लिहायचे आहे तो स्वयंपाकघरातला नव्हे. सभागृहात साउंडवाल्याच्या टेबलावर असतो तो, बटणांचा आणि भोकांचा. आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका निवृत्त मास्तरांपासून सुरू होते.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर शनिवारी संध्याकाळी व्याख्यान किंवा भजन असते. मास्तर कायम पहिल्या रांगेत. व्याख्यान संपले की पहिला प्रश्न त्यांचाच, हे ठरलेले. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांना ऐकू कमी येऊ लागले. तपासणी झाली, दोन्ही कानांना यंत्रे लागली. घरात समोरासमोर बोलताना त्यांचे छान चालायचे. सभागृहात मात्र हळूहळू त्यांचे प्रश्न विचारणे थांबले, मग ते मागच्या रांगेत बसू लागले आणि पुढे येणेच बंद झाले. ‘बाबांचे हल्ली लक्ष लागत नाही, विसरायला होते,’ असे मुलगा म्हणू लागला. मास्तर स्वतः एवढेच म्हणायचे, “आवाज येतो रे, शब्द येत नाहीत.”

हे वाक्य कानाच्या डॉक्टरांना रोज ऐकायला मिळते. त्यात तक्रार नेमकी आहे आणि तिचा अर्धा उपाय सभागृहातल्या त्या मिक्सरमध्ये आहे.

आवाज येतो, शब्द का येत नाहीत?

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानामागे साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मज्जातंतूला संदेश देतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांचा जोर जास्त असतो. स, श, च, त, फ, ख ही व्यंजने वरच्या पट्टीत आणि हलकी असतात. शब्दांचा अर्थ बहुतेक व्यंजनांवर उभा असतो. म्हणून ‘आ-ई-ओ’ ऐकू येते, पण ‘साप’ की ‘ताप’ हे कळत नाही.

श्रवणयंत्र वरच्या पट्टीतले आवाज मोठे करून देते. पण त्याच्या माइकला जे मिळते तेच ते मोठे करणार. वक्ता दहा फूट लांब असेल तर यंत्राला वक्त्याबरोबर पंखा, खुर्च्यांची करकर, शेजारच्यांची कुजबुज आणि भिंतींवरून परतलेला आवाजही मिळतो. आपली बरीच सभागृहे म्हणजे फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या. अशा ठिकाणी आवाज दीड-दोन सेकंद घुमत राहतो. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे नवे अक्षर येते तेव्हा आधीच्या सात-आठ अक्षरांची शेपटे अजून हवेतच असतात. तरुण कान आणि मेंदू त्यातून शब्द निवडून काढतात. केसपेशी गेलेल्या कानाला ते जमत नाही. व्हॉल्युम वाढवला तर शब्दांबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. म्हणूनच ‘जरा मोठ्याने बोला’ हा उपाय सभागृहात फारसा कामाचा नाही.

यावर उपाय एकच. स्वच्छ आवाज, तो घुमण्याच्या आधी, थेट कानापर्यंत न्यायचा.

स्वच्छ आवाज कुठे असतो?

वक्त्याच्या तोंडापासून माइक वीतभरच लांब असतो, तर मागच्या रांगेतला श्रोता तीस फुटांवर. अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने पडतो. या हिशेबाने माइकला मिळणारा थेट आवाज श्रोत्यापेक्षा तीस डेसिबलहून जास्त असतो. म्हणजे खोलीतला सगळ्यात स्वच्छ आवाज माइकमध्ये असतो, आणि तिथून वायरीने मिक्सरमध्ये आलेला असतो. सभागृहातल्या गोंधळाचा त्याला स्पर्श झालेला नसतो. तो मिक्सरमधून अ‍ॅम्प्लिफायरला, तिथून स्पीकरला जातो, मग हवेत शिरतो आणि तिथे बिघडतो.

तेव्हा मिक्सरमधूनच एक जादा वायर काढली तर? कल्पना सोपी आहे. अडचण अशी, की छोट्या मिक्सरला बाहेर पडायच्या वाटाच कमी असतात.

आमच्या संघाचा मिक्सर हातभर लांबीचाही नाही. दोन माइक, दोन वाद्यांची इनपुट. बाहेर पडायला डावे-उजवे मुख्य आउटपुट, एक आरसीए जोडी आणि हेडफोनचा जॅक. मुख्य आउटपुटवर अ‍ॅम्प्लिफायर, आरसीएवर रेकॉर्डिंग आणि हेडफोनवर मिक्सर सांभाळणारे गृहस्थ. सगळी भोके भरलेली.

पहिला प्रयत्न आम्ही घाईने केला. हेडफोनच्या जॅकवर दुहेरी पिन लावली आणि एक लांब वायर मास्तरांच्या हेडफोनपर्यंत नेली. पहिला अर्धा तास मास्तर खूश होते. मग भजन सुरू झाले. टाळ-मृदंगात मिक्सरवाल्यांना स्वतःला ऐकू येईना, म्हणून त्यांनी हेडफोनचा खटका वाढवला. तोच आवाज मास्तरांच्या कानात गेला. त्यांनी हेडफोन काढून टाकला आणि उठून गेले. चूक कुणा एकाची नव्हती. दोन माणसांच्या कानांना आम्ही एकच खटका दिला होता. त्यातून एक धडा मिळाला: ज्याला कमी ऐकू येते त्याची वाट वेगळी हवी आणि तिचा खटकाही वेगळा हवा.

जॅक म्हणजे नुसते भोक नव्हे

सहा मिलिमीटरहून थोड्या जाड पिनेचा हा जॅक मुळात संगीतासाठी जन्मलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत टेलिफोन एक्सचेंजमधल्या ऑपरेटरसाठी तो तयार झाला. चार्ल्स स्क्रिब्नर यांच्या सुरुवातीच्या रचनेतली मिटणारी-उघडणारी पट्टी चाकूसारखी होती. त्या चाकूच्या इंग्रजी नावावरून ‘जॅक’ हा शब्द आल्याचे सांगतात. आपल्या बाजारात याच पिनेला ‘पी-३८’ म्हणतात, आणि मोबाइलच्या हेडफोनच्या बारीक पिनेला ‘ईपी’.

ती पट्टी आजही अनेक जॅकमध्ये असते. पिन आत गेली की पट्टी उचलली जाते आणि आतली एक जोडणी तुटते. पिन काढली की पुन्हा जुळते. छोट्या मिक्सरवर ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या इनपुटमध्ये एकच पिन घातली तरी आवाज दोन्ही बाजूंना जातो, ही याच पट्टीची करामत. त्यामुळे जुना जॅक काढून दुकानातला कुठलाही साधा जॅक लावला, की मिक्सर विचित्र वागू लागतो. एका बाजूचा आवाज गायब होतो आणि कारण कुणाला सापडत नाही.

दुसरी गोष्ट पिनेची. मोनो पिनेला दोन भाग असतात, टोक आणि दांडा. स्टिरिओ पिनेला मध्ये आणखी एक कडे असते. स्टिरिओ हेडफोनच्या जॅकमध्ये मोनो पिन घातली तर उजव्या बाजूचा आवाज थेट दांड्याला, म्हणजे ग्राउंडला, टेकतो. थोडा वेळ चालून जाते. फार वेळ तसे ठेवले तर आतल्या आयसीला त्रास होतो.

मिक्सर उघडण्याआधी

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाकडे मिक्सर नेला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रश्न विचारले, हे मला आवडले.

“काका, तुमचे दोन्ही स्पीकर वेगवेगळे वाजवायचे असतात का?”

“नाही रे. दोन्हीतून सारखाच आवाज.”

“मग उजवे आउटपुट मोकळे करता येईल. दोन्ही स्पीकर डाव्यावर घ्या. माइकचा पॅन मधे ठेवा, हार्मोनियमचा पूर्ण डावीकडे. उजव्या जॅकवर फक्त माइक येईल. सोल्डरिंगच नको.”

ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांच्या मिक्सरला प्रत्येक चॅनेलवर पॅनचे बटण आहे आणि सभागृह मोनोवर चालते, त्यांना जादा जॅक फुकटात मिळतो. काही मिक्सरना ‘ऑक्स सेंड’ असते; ते तर याच कामासाठी असते. काहींना ‘इन्सर्ट’ असते. त्यात मोनो पिन पहिल्या ‘कट्’पर्यंतच ढकलली तर पुष्कळदा आवाज न तोडता बाहेर काढता येतो. आधी हे तपासावे.

आमच्या बाबतीत पॅनच्या युक्तीला एक अडचण होती. माइकने शिट्टी मारली की मिक्सरवाले मुख्य फेडर खाली ओढतात. त्याबरोबर डावे-उजवे दोन्ही खाली जाते आणि मास्तरांचे ऐकणेही. आम्हाला आवाज हवा होता तो फेडरच्या आधीचा, फक्त दोन माइकचा. तो आमच्या मिक्सरच्या कुठल्याच भोकावर येत नव्हता. म्हणून मिक्सर उघडावा लागला.

उघडायला मुलगा तयार झाला, त्याला कारण होते. या मिक्सरला बाहेरचा अ‍ॅडॉप्टर आहे. पेटीच्या आत २३० व्होल्ट येतच नाहीत. ज्या मिक्सरला थेट भिंतीतली वायर जाते, त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब काही वेळ साठून राहतो. तसा मिक्सर घरी उघडू नये. आणि कुठलाही मिक्सर उघडला की कंपनीची वॉरंटी संपते, हेही धरून चालावे.

आत काय केले?

झाकण काढल्यावर आतली दाटी दिसली. छोट्या मिक्सरमध्ये जॅक, बटणे आणि आयसी सगळे एकाच बोर्डवर सोल्डर केलेले असते. “काका, इथे नवीन जॅक बसवायला बोटभर जागा नाही,” मुलगा म्हणाला. त्याने तोड काढली: जॅक पेटीत नको, पेटीच्या पाठीला एक छोटी लोखंडी डबी लावू, मिक्सरमधून फक्त बारीक वायरी बाहेर आणू.

माइकचा आवाज मिक्सरमध्ये येतो तेव्हा तो काही हजारांश व्होल्टचा असतो. पहिला टप्पा, म्हणजे प्रीअ‍ॅम्प, त्याला शेकडो पटींनी वाढवतो. त्यानंतर चढ-उताराची बटणे, मग फेडर. मुलाने प्रीअ‍ॅम्पच्या पुढची आणि फेडरच्या आधीची जागा प्रत्येक माइकसाठी शोधली. तिथून आवाज घ्यायचा होता. माइकच्या सॉकेटवरूनच का नाही घेतला? कारण कंडेन्सर माइकसाठी त्या पिनांवर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा येऊ शकतो, आणि तिथला आवाज इतका क्षीण असतो की एक लांब वायर लावली तरी घुर्र-घुर्र सुरू होते.

आता महत्त्वाचा नियम. एका आउटपुटमधून दोन इनपुट चालवता येतात. पण दोन आउटपुट थेट एकत्र बांधायची नाहीत. एका टाकीला दोन नळ लावता येतात. पण दोन पंपांची तोंडे एकमेकांसमोर जोडली तर ते एकमेकांनाच ढकलत बसतात. दोन्ही प्रीअ‍ॅम्पच्या वायरी नुसत्या पिळून एका जॅकला जोडल्या असत्या, तर दोन्ही माइकचे सगळीकडेच मिश्रण झाले असते आणि आवाज फाटला असता. म्हणून प्रत्येक वाटेवर १० हजार ओहमचा रेझिस्टर घातला. त्या दोन वाटा डबीतल्या एका ऑपअ‍ॅम्प आयसीवर एकत्र आल्या. टीएल०७२ ही आठ पायांची, सहज मिळणारी आयसी त्यासाठी पुरते. तिच्यात दोन ऑपअ‍ॅम्प असतात. पहिला दोन आवाज मिळवतो. मधे एक व्हॉल्युमचा खटका. दुसरा पुढच्या वायरीचा भार स्वतः उचलतो, मिक्सरवर पडू देत नाही. या आयसीला लागणारी वीज काही मिलिअँपिअरच असते. ती मिक्सरच्याच आतल्या पुरवठ्यातून घेतली.

नव्या जॅकच्या आधी एक कपॅसिटर बसवला, म्हणजे एकदिश वीज बाहेर जात नाही. आणि शंभर ओहमचा एक रेझिस्टर. हा छोटा रेझिस्टर विमा आहे. कुणी चुकीची पिन घातली, वायर चेपून शॉर्ट झाली, तरी त्याचा धक्का मिक्सरच्या मूळ आवाजापर्यंत पोहोचत नाही. सभागृहातले शंभर जण ऐकत असताना एकाच्या सोयीने सगळ्यांचा आवाज जाता कामा नये.

डबीला साधारण दहा मिलिमीटरचे भोक लागते. ते मिक्सरपासून दूर, डबी सुटी असताना पाडले. ड्रिलचा एक कीस बोर्डवर पडला तरी दोन पाय जोडून टाकायला पुरेसा असतो. मिक्सरच्या पाठीतून वायरी जिथे बाहेर येतात तिथे रबरी कडे बसवले, म्हणजे पत्र्याने वायर कापली जाणार नाही. संध्याकाळी काम झाले. जॅकवर मुलाने पांढऱ्या रंगाने ‘कान’ असे लिहिले.

घुं-घुं आणि एक जीवघेणी सवय

नवा जॅक दुसऱ्या यंत्राला जोडला की पुष्कळदा ‘घुं’ असा आवाज सुरू होतो. दोन्ही यंत्रे आपापल्या प्लगने अर्थिंगला जोडलेली असतात आणि ऑडिओच्या वायरीने पुन्हा एकमेकांना. असे एक वर्तुळ तयार होते आणि त्यात आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर शिरते. यावर अनेक ठिकाणी एक उपाय सर्रास केला जातो: थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. घुं-घुं जाते. त्याबरोबर जीव वाचवणारी वाटही जाते.

१९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे लेस हार्वी हा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याचे कारण सदोष अर्थिंग हेच होते. आपल्याकडे पावसाळ्यातले मंडप, ओली फरशी आणि तात्पुरत्या वायरी लक्षात घेतल्या, तर हा धोका जुन्या काळातला किंवा परदेशातला म्हणून सोडून देता येत नाही. घुं-घुं घालवायची तर ऑडिओच्या वाटेवर एकास-एक असा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्यातून आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण तांब्याची जोडणी राहत नाही. अर्थिंगच्या पिनेला हात लावू नये. आम्ही डबीनंतर तोच बसवला.

जॅकपासून कानापर्यंत

आता ‘कान’ नावाच्या जॅकवर स्वच्छ आवाज आला. तो मास्तरांच्या यंत्रात कसा शिरणार?

अनेक श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नावाची तारेची एक बारीक गुंडाळी असते. यंत्र ‘टी’वर टाकले की त्याचा माइक बंद होतो किंवा मंदावतो आणि ही कॉइल आसपासचे चुंबकीय क्षेत्र ऐकू लागते. सभागृहाच्या कडेने तारेचा एक फेरा घालून त्यातून आवाजाच्या चढ-उताराप्रमाणे वीज सोडली, की फेऱ्याच्या आत बसलेल्या प्रत्येक टेलिकॉइलला तो आवाज थेट मिळतो. घुमणे नाही, पंखा नाही. या रचनेला इंडक्शन लूप म्हणतात. १९३७ साली ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकोफ यांनी तिचे पेटंट घेतले. म्हणजे तंत्र जुनेच आहे. आपल्या सभागृहांत ते फारसे पोहोचलेले नाही.

इथे काटकसर अंगाशी येऊ शकते. तारेच्या एका फेऱ्याचा रोध फार कमी असतो. चार किंवा आठ ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेला साधा अ‍ॅम्प्लिफायर त्यावर थेट लावला तर तो जळू शकतो. लूपसाठी वेगळा ड्रायव्हर मिळतो, तोच घ्यावा. किती तीव्रतेचे क्षेत्र असावे याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे: आवाजाच्या शिखरांना मीटरला ४०० मिलिअँपिअर. जमिनीतल्या लोखंडी सळया हे क्षेत्र खातात, म्हणून तार पसरली की सभागृहभर फिरून तपासावे लागते. त्याआधी एक सोपी चाचणी कुणालाही करता येते. लूप बंद ठेवून यंत्र ‘टी’वर टाकावे आणि खोलीत फिरावे. मोठी घरघर ऐकू आली तर दोष खोलीच्या वायरिंगमध्ये आहे. तो आधी दुरुस्त करावा.

सगळ्या नव्या श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नसते, आणि असली तरी ती चालू करून दिलेली नसते. यंत्र घेताना श्रवणतज्ज्ञांना तसे आवर्जून विचारावे. साधे ब्लूटूथ लावले तर आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि वक्त्याचे ओठ व शब्द जुळत नाहीत. ओठांकडे पाहून शब्द ओळखणाऱ्याला हा उशीर फार नडतो. ब्लूटूथवरून एकाच वेळी अनेकांच्या यंत्रांना आवाज देणारे ‘ऑराकास्ट’ हे तंत्र आता येते आहे. पण त्यालाही मिक्सरमधून स्वच्छ आवाज देणारा जॅक लागणारच.

ज्यांच्याकडे श्रवणयंत्र नाही त्यांना त्याच जॅकवरून हेडफोन देता येतो, त्यासाठी मधे छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तिथे एक पथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्यात ८० डेसिबल सरासरीने ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. ऐकू येत नाही म्हणून कानात आवाज कोंबत गेलो तर उरलेल्या केसपेशीही जातात. म्हणून हेडफोनला त्याचा स्वतःचा खटका आणि कमाल आवाजाची मर्यादा हवी.

फक्त करमणुकीचा प्रश्न नाही

एका माणसाला भजन ऐकू यावे म्हणून एवढा खटाटोप का, असे कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना ऐकण्यासाठी उपचाराची किंवा पुनर्वसनाची गरज आहे. ऐकू न येणारा माणूस आधी गर्दी टाळतो, मग कार्यक्रम, मग संभाषण. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने टाळता येण्याजोग्या स्मृतिभ्रंशाच्या कारणांत कमी ऐकू येण्याचा समावेश केला आहे. यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असा मात्र त्याचा सरळ अर्थ नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सगळ्यांना एकत्र धरले तर तीन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. एवढे तरी नक्की, की ‘विसरायला होते’ असा शिक्का मारण्याआधी त्या माणसाला मुळात ऐकू आले होते का, हे पाहायला हवे.

त्यासाठी पहिली पायरी जॅक नव्हे, तपासणी. कधी कधी कारण नुसता मळ असतो. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणे बंद झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तिथे उशीर महागात पडतो. तपासणीनंतर यंत्र, आणि मग सभागृहाची पाळी. संघ, मंदिर, ग्रंथालय, गणेशोत्सव मंडळ, ज्यांच्याकडे मिक्सर आहे त्यांनी आपल्या साउंडवाल्याला एकच प्रश्न विचारावा: “फक्त माइकचा आवाज देणारे एखादे भोक मोकळे आहे का?” बऱ्याच ठिकाणी ते असेल. नसेल तर कुठून काढायचे, हे वर सांगितलेच आहे.

आमचा लूप लावल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मास्तर आले. तिसऱ्या रांगेत, तारेच्या फेऱ्याच्या आत बसले, यंत्र ‘टी’वर टाकले. सगळेच ऐकू आले असे नाही. श्रोत्यांतून कुणी माइकशिवाय बोलले की ते त्यांना कळत नव्हते. तेव्हापासून संघात नियम झाला, बोलणाऱ्याने माइक घेऊनच बोलायचे. व्याख्यान नद्यांच्या पुरावर होते. ते संपले, आणि प्रश्न आहे का असे विचारल्यावर एक हात वर गेला.

मिक्सरवाल्यांनी माइक मास्तरांकडे धाडला.